हळदीच्या लेपाला परीक्षेला बसवा

मराठी घरात मुलाच्या किंवा मुलीच्या गालावर पहिला मुरूम दिसला की सल्ल्यांना तोटा नसतो. जायफळ दुधात उगाळून लावा, कडुनिंबाचा पाला वाटून लावा, सायीत आंबेहळद कालवा, डाळीच्या पिठात लिंबू पिळा. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी या यादीत कॉफीची पूड, खायचा सोडा आणि टूथपेस्टची भर घातली आहे. प्रत्येक उपायाला साक्षीदारही हजर असतो: अमकीला याने गुण आला. उलट बाजूला डॉक्टर असतात. ते ‘असले काही चेहऱ्याला लावू नका’ एवढे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावतात. एक पक्ष अनुभवाचा दाखला देतो, दुसरा अधिकाराचा; परीक्षा बहुधा कोणीच घेतलेली नसते. खरे तर घरगुती उपाय पारखायला मुरमांइतकी सोयीची तक्रार शोधून सापडणार नाही. मुरूम डोळ्यांना दिसतात, मोजता येतात, दोन्ही गालांवर येतात आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. रुग्णांचीही वाण नाही. जगातल्या सुमारे ९.४ टक्के लोकांना मुरूम असतात आणि सर्वाधिक आढळणाऱ्या व्याधींत त्यांचा क्रमांक आठवा लागतो, असा एक जागतिक अंदाज आहे. एवढी सोय असताना हळदी-चंदनाच्या लेपाबद्दल आपण आजही ऐकीव बोलतो. याचा दोष आजीकडे जात नाही. तो आपल्या विद्यापीठांकडे, आरोग्य खात्यांकडे आणि न तपासता सौंदर्याचे सल्ले छापणाऱ्या वृत्तपत्री पुरवण्यांकडे जातो.

आधी ‘गुण आला’ या साक्षीचे काय करायचे ते पाहू. ती खोटी असते असे मुळीच नाही. लेप लावला आणि मुरूम कमी झाले, हे दोन्ही खरेच घडलेले असते. प्रश्न एवढाच की पहिल्यामुळे दुसरे घडले का. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, रोमरंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते, आत क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध दाह निर्माण करते. वर मुरूम दिसण्याआधी आत कित्येक आठवडे ही तयारी चालू असते. वर आलेला मुरूम मात्र काही केले नाही तरी बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत बसतो. शिवाय मुरमांना भरती-ओहोटी असते. मुलींमध्ये पाळीच्या आधी ते उफाळतात, ऋतूबरोबर आणि ताणाबरोबर वरखाली होतात. आता माणूस उपाय कधी शोधतो? चेहरा सगळ्यात वाईट दिसतो तेव्हा. भरतीच्या ऐन टोकाला जे काही लावाल त्याच्यानंतर ओहोटीच येणार. मग ते जायफळ असो, टूथपेस्ट असो की नुसते पाणी. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये उंच आईबापांची मुले सरासरी उंचीकडे झुकतात हे आकड्यांनी दाखवले, त्याच नियमाचा हा चेहऱ्यावरचा अवतार आहे. आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात. फरक इतकाच की इथे फांदी तुटायच्या बेतातच असते आणि कावळाही नेमकी तीच फांदी निवडून बसतो.

हा तर्कापुरता मुद्दा नाही. मुरमांवरच्या औषधांच्या चाचण्यांत एका गटाला औषधाचे मलम देतात आणि दुसऱ्याला तेच मलम औषध वगळून. अशा अनेक चाचण्यांत औषध नसलेले मलम लावणाऱ्यांचेही मुरूम पाव ते एक तृतीयांशाने कमी झालेले दिसतात. म्हणजे काहीही गुण नसलेली वस्तू शंभर जणांना दिली तर तिचे गोडवे गाणारे प्रामाणिक लोक त्यांतून सहज निघतील. ज्यांना गुण आला नाही ते गप्प बसतात किंवा दुसरा उपाय धरतात. त्यांची साक्ष कोणी काढत नाही. यात भर म्हणजे मुरूम मुळात तारुण्याची व्याधी. विशी ओलांडता ओलांडता बहुतेकांचे आपोआप ओसरतात आणि त्या वेळी हाताशी जो उपाय असेल त्याच्या नावावर यश जमा होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जोरकस असतो. हे उपाय हजारो वर्षांपासून चालत आले आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांनी पारखून घेतले आहेत, आणखी कसली परीक्षा हवी? त्यासाठी आपल्या सर्वांना अभिमानाने आठवणारी हळदीच्या पेटंटची गोष्ट पुन्हा नीट वाचली पाहिजे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने या पेटंटला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि १९५३ मधला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. विजय मोठा होता यात शंका नाही. पण त्या खटल्यातला प्रश्न काय होता? हळदीचा हा वापर नवा आहे की जुना, एवढाच. तो जुना आहे हे आपण सिद्ध केले. हळद लावल्याने जखम लावल्यावाचून भरते त्यापेक्षा लवकर भरते का, हे त्या खटल्यात ठरले नाही आणि ठरायचेही नव्हते. जुनेपणाचा निकाल आपण गुणाचा निकाल म्हणून खिशात घातला आणि गेली पंचवीस-तीस वर्षे तोच दाखवत आहोत. शिरा उघडून रक्त काढण्याचा उपायही युरोपात दोन हजार वर्षे चालला होता, आणि त्यालाही गुण आल्याच्या साक्षी कमी नव्हत्या.

बरे, परंपरा म्हणून जे चेहऱ्याला थापले जाते ते परंपरेत असते तरी का? सुश्रुताने तरुणांच्या चेहऱ्यावरच्या या पुटकुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. निरीक्षण किती बारकाईचे होते हे त्यावरून कळते. शार्ङ्गधराच्या ग्रंथात त्यांच्यावर लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे. आजच्या घरगुती सल्ल्यांत लोध्र कितीदा ऐकू येतो? उलट टोमॅटोचा गर आणि बटाट्याची फोड यांची शिफारस ‘आजीच्या बटव्यातून’ म्हणून होते. ही दोन्ही पिके अमेरिका खंडांतून युरोपीयांनी आणली. सुश्रुताला ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. टूथपेस्टबद्दल न बोललेलेच बरे. तेव्हा ज्याला आपण हजारो वर्षांची पारख म्हणतो तिच्यातला बराचसा माल अलीकडचा आहे. ज्यांना परंपरेचा खरा आदर आहे त्यांनी तर लोध्र-धने-वेखंडाची परीक्षा व्हावी म्हणून आग्रह धरायला हवा, कारण टोमॅटोच्या गर्दीतून तो लेप वेगळा ओळखू यायचा मार्ग तोच आहे.

दुसरी साक्ष प्रयोगशाळेची. कडुनिंबाच्या अर्काने बशीतले जिवाणू मरतात, हळदीतले कर्क्युमिन दाह शमवते, असे शोधनिबंध दाखवले जातात. ते निबंध आहेतच. पण बशीतला जिवाणू आणि रोमरंध्राच्या तळाशी तेलात बुडून बसलेला जिवाणू यांत अंतर फार आहे. कर्क्युमिनचेच घ्या. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात त्याचा सविस्तर हिशेब मांडला गेला. हा रेणू अस्थिर आहे, कशाशीही प्रक्रिया करतो आणि त्यामुळे प्रयोगशाळेतल्या अनेक कसोट्यांत खोटेच ‘उत्तीर्ण’ झाल्यासारखा दिसतो, असे त्यात दाखवून दिले होते. याहून बोलके उदाहरण खोबरेल तेलाचे. त्यातले लॉरिक आम्ल मुरमांच्या जिवाणूंना मारते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आणि तेच खोबरेल रोमरंध्रे बुजवणाऱ्या पदार्थांच्या जुन्या याद्यांत वरच्या बाजूला असते. केसांना चोपडलेल्या तेलाने कपाळावर उठणारे मुरूम त्वचारोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातले. एकच वस्तू बशीत औषध आणि कपाळावर अपराधी. यातले कोणते खरे, हे कपाळालाच विचारावे लागते.

आता डॉक्टरांच्या बाजूकडे वळू, कारण परीक्षा न घेता ठाम बोलण्याचा मक्ता काही आजीकडेच नाही. ‘खाण्याचा आणि मुरमांचा काही संबंध नाही’ हे वाक्य वैद्यकीय पाठ्यपुस्तकांनी कित्येक दशके शिकवले. त्याचा मोठा आधार म्हणजे १९६९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला चॉकलेटचा प्रयोग. पासष्ट जणांना चार आठवडे भरपूर चॉकलेट असलेली वडी आणि चार आठवडे चॉकलेट नसलेली वडी खायला दिली आणि मुरमांत फरक पडला नाही असे जाहीर केले. यातले निम्म्याहून अधिक जण तुरुंगातले तरुण कैदी होते. त्या काळच्या अमेरिकी त्वचाशास्त्राची ती एक काळी बाजू आहे, पण तो विषय वेगळा. प्रयोगाची खोट साधी होती. चॉकलेट नसलेल्या वडीतही साखर आणि स्निग्ध पदार्थ जवळपास तेवढेच होते. म्हणजे साखर-तुपाची साखर-तुपाशी तुलना केली आणि फरक दिसत नाही म्हणून आहार निर्दोष ठरवला. शिवाय मुरूम आत तयार व्हायलाच कित्येक आठवडे लागतात, तिथे चार आठवड्यांचा अवधी तो किती? इतक्या कच्च्या पायावर एक पक्के वाक्य उभे राहिले आणि ‘गोड कमी खा’ म्हणणाऱ्या आया अडाणी ठरल्या.

त्या वाक्याला तडा गेला तो २००० नंतर. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या आणि पराग्वेतल्या आचे जमातीच्या लोकांना तपासले तेव्हा मुरूम असलेला एकही जण सापडला नाही, असा अहवाल २००२ मध्ये आला. त्यांच्या आहारात मैदा आणि साखर जवळजवळ नव्हतीच. अर्थात त्यांच्या आयुष्यात आणखीही शंभर गोष्टी वेगळ्या होत्या, म्हणून हा पुरावा सुगावा म्हणण्यापुरताच. पण त्या सुगाव्यावरून मेलबर्नमध्ये रीतसर परीक्षा झाली. पंधरा ते पंचवीस वयाच्या ४३ तरुणांचे दोन गट करून एकाला बारा आठवडे रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचा. २००७ मध्ये छापून आलेल्या निकालात दोन्ही गटांचे मुरूम घटले होते, मात्र पहिल्या गटाचे स्पष्टपणे जास्त. वजन कमी झाल्याचा वाटा त्यात किती, ही शंका उरतेच. पण आजीच्या एका सल्ल्याला, निदान त्यातल्या गोडाच्या भागाला, बळ मिळाले ते परीक्षेमुळे. ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव’ म्हणून मिळाले नव्हते. नेहमीचा आहार घेणाऱ्यांचेही मुरूम घटले, हाही तपशील विसरू नये. तो दुसरा गट नसता तर सगळे श्रेय आहारालाच गेले असते.

घरगुती वर्गातल्या इतर उपायांचीही थोडीफार परीक्षा झाली आहे आणि निकाल दोन्ही तऱ्हांचे आहेत. ऑस्ट्रेलियात टी ट्री नावाच्या झाडाचे तेल घरोघरी वापरतात. १९९० मध्ये १२४ रुग्णांवर त्याचे पाच टक्क्यांचे मलम बेंझॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधाशी ताडून पाहिले गेले. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेल सावकाश काम करते पण आगही कमी करते, असे दिसले. पुढे इराणमध्ये साठ रुग्णांवर औषधविरहित मलमाशी तुलना झाली, तीतही तेल सरस ठरले. तो निबंध भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकातच छापला गेला. उलट न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये १३६ जणांवर मधाचा प्रयोग झाला. एका गटाला जंतुनाशक साबण आणि वर मध, दुसऱ्याला नुसता साबण, बारा आठवडे. मधामुळे म्हणता येईल असा फरक दिसला नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये मुरमांवरच्या पर्यायी उपायांच्या ३५ चाचण्या आणि ३,२२७ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. टी ट्री तेल, साखर हळू वाढवणारा आहार आणि मधमाशीचे विष यांच्या बाजूने थोडासा, तोही कमकुवत पुरावा आहे, एवढेच त्यातून हाती आले. बाकीच्यांबद्दल काही म्हणता येत नाही. ‘काही म्हणता येत नाही’ म्हणजे ‘उपयोग नाही’ असे नव्हे; हे डॉक्टरांनीही ध्यानात ठेवावे. जायफळाला नापास ठरवायलाही आधी परीक्षेला बसवावे लागते.

मग घरच्या घरी काय करता येईल? इथे मुरमांनी एक मोठी सोय करून ठेवली आहे: चेहऱ्याला दोन बाजू असतात. लेप एकाच गालाला लावायचा, दुसऱ्याला तसाच लेप पण मुख्य वस्तू वगळून. हळद पारखायची असेल तर एका बाजूला डाळीचे पीठ, पाणी आणि हळद. दुसऱ्या बाजूला नुसते पीठ आणि पाणी. पाळी, परीक्षेचा ताण, उन्हाळा, लग्नातले जेवण, सगळे दोन्ही गालांना सारखेच भोवते, त्यामुळे उरलेला फरक हळदीच्या खात्यावर टाकायला जागा होते. कोणता गाल, हे नाणे उडवून ठरवावे, कारण आपण कुशीवर झोपतो, एकाच कानाला फोन लावतो आणि नकळत वाईट दिसणारा गाल निवडतो. सुरुवात करण्याआधी दोन-तीन आठवडे नुसती मोजणी करावी. पुढे बारा आठवडे तरी चालू ठेवावे. आठ दिवसांत फरक दिसला तर तो बहुधा ओहोटीचाच असतो. या काळात दुसरे काहीही नवे सुरू करू नये. मोजणी स्वतः करू नये, हे सगळ्यांत महत्त्वाचे. ज्याने तीन महिने नेमाने लेप थापला त्याच्या डोळ्यांना फरक दिसायचाच. ठरावीक उजेडात, ठरावीक अंतरावरून दोन्ही गालांचे फोटो काढावेत आणि लेप कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून मुरूम मोजून घ्यावेत. हळद इथे जरा चोंबडेपणा करते, तिचा पिवळेपणा धुतल्यावरही उरतो आणि बाजू कळते. त्यावर फोटो कृष्णधवल करून दाखवणे हा साधा इलाज आहे.

शेवटी आकडे हाती येतात तेव्हा घाई होते. समजा एकूण वीस मुरूम मोजले: लेपाच्या बाजूला सात, दुसऱ्या बाजूला तेरा. जवळजवळ निम्मे! पण लेप पूर्ण निरुपयोगी असेल आणि प्रत्येक मुरूम कोणत्या गालावर उगवायचे हे नाणे उडवूनच ठरवत असेल, तरी सात-तेरा किंवा त्याहून विषम वाटणी चार वेळांपैकी एकदा होते. पाच-पंधरा किंवा त्याहून विषम वाटणी मात्र साधारण चोवीसातून एकदाच. म्हणून किती फरक पडला तर मानायचा, हे आधीच कागदावर लिहून ठेवलेले बरे. आणि फरक मोठा निघालाच तर गाल बदलून आणखी बारा आठवडे. सुधारणा लेपाबरोबर दुसऱ्या गालावर गेली, तर मग खुशाल गुण आला म्हणावे.

एकट्या माणसावरच्या प्रयोगाने काय सिद्ध होते, असे विज्ञानाची बाजू घेणारेच विचारतील. जगाबद्दल काहीच नाही, हे कबूल. पण त्या मुलीला जगाबद्दल ठरवायचे नसते, स्वतःच्या गालाबद्दल ठरवायचे असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गयाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये नेमका हाच विचार मांडला: एकाच रुग्णावर औषध आणि त्याची नक्कल आलटून-पालटून, नशिबाने ठरवलेल्या क्रमाने वापरा, कोणते केव्हा हे रुग्णालाही कळू देऊ नका आणि त्या रुग्णापुरता निर्णय करा. ही पद्धत वैद्यकात मान्य आहे. आणि ‘प्रकृतीप्रमाणे गुण येतो, सरासरी काढून आयुर्वेद कळत नाही’ या आक्षेपाला दिलेले उत्तरही हेच आहे. पित्तप्रकृतीच्या माणसाला चंदन मानवते आणि कफप्रकृतीच्याला नाही, असे असेल तर उत्तमच. दोघांच्या गालांवर ते दिसले पाहिजे. प्रकृती आधी सांगा, मग लेप लावा. गुण आला की लेपाचे कौतुक आणि नाही आला की प्रकृतीवर खापर, ही सोय मात्र कोणालाच देता येणार नाही, अ‍ॅलोपॅथीलाही नाही.

‘घरगुतीच तर आहे, अपाय काय होणार’ हा आक्षेप सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कच्चा. त्वचेचा सामू पाचाच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा दोनाच्या आसपास. या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, तेव्हा तीन अंक म्हणजे आम्लता हजारपट. शिवाय आपल्या कागदी लिंबातली फ्युरोकुमारिन ही द्रव्ये उन्हात त्वचेला अक्षरशः भाजतात. खायचा सोडा दुसऱ्या टोकाला जाऊन त्वचेचा संरक्षक आम्लथर उडवतो, लसूण ठेचून बांधल्याने भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गोऱ्या कातडीवर असली जळजळ लाल होऊन विरते. आपल्या सावळ्या कातडीवर ती काळा डाग ठेवून जाते आणि तो मुरमापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. मग तो डाग घालवायला माणूस औषधांच्या दुकानात जातो आणि तिथून स्टिरॉइड असलेले ‘गोरे करणारे’ मलम घेऊन येतो. त्याने आठ दिवस चेहरा उजळतो, नंतर कातडी पातळ होते, लालबुंद होते, नवे मुरूम फुटतात आणि मलम सोडवत नाही. हा प्रकार इतका बोकाळला की २०१८ मध्ये केंद्र सरकारला चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घालावी लागली. बंदी कितपत पाळली जाते ते आपल्या चौकातल्या दुकानात जाऊन पाहावे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि या आक्षेपात तथ्य आहे. हळदीवर कोणाची मक्तेदारी नाही, म्हणून तिच्या चाचणीवर खर्च करायला कोणती कंपनी पुढे येईल? औषध कंपन्यांच्या चाचण्या त्यांच्याच नफ्यासाठी असतात, हेही खरे. तरी चाचणी हे हत्यार कंपनीच्या विरुद्धही चालते. बेंझॉइल पेरॉक्साइडचे अडीच टक्क्यांचे मलम पाच आणि दहा टक्क्यांच्या मलमाइतकेच काम करते, आग मात्र दहा टक्क्यांच्या मलमापेक्षा कमी करते, हे १९८६ मध्ये चाचणीनेच दाखवले. जिथे कंपनीला रस नाही तिथे सार्वजनिक पैसा लागतो, आणि तो आजही खर्च होतोच आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली त्वचारोगाचेही पदव्युत्तर विद्यार्थी आहेत आणि आयुर्वेदाचेही. प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. प्रत्येक जण आपापले थोडे रुग्ण, आपापली मोजणी, आपापला कालावधी घेऊन बसतो, आणि असे प्रबंध एकमेकांत मिसळता येत नाहीत. विद्यापीठाने अर्ध्या चेहऱ्याच्या चाचणीचा एकच आराखडा ठरवून द्यावा: तोच कालावधी, तेच फोटो, मोजणारा तिसराच. वीस महाविद्यालयांतल्या वीस विद्यार्थ्यांनी पन्नास-पन्नास रुग्ण घेतले तर हजार रुग्णांची चाचणी उभी राहते, तीही फारसा जादा खर्च न करता. नोंदणीची सोय २००७ पासून आहे. भारतीय वैद्यक चाचणी नोंदवहीत आधी नाव घातले की नको असलेला निकाल दडपणे अवघड होते. वैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ एका आराखड्यावर सह्या करतील का, अशी शंका कोणालाही येईल. करणार नसतील तर निदान कोण नाही म्हणाले ते लोकांना कळू दे.

वृत्तपत्रांना तर एवढाही खटाटोप नको. चेहऱ्याचा उपाय छापताना तो किती आठवडे, कशाच्या तुलनेत आणि कोणी मोजून पाहिला, हे एका ओळीत विचारावे. उत्तर नसेल तर तसेच छापावे. अर्ध्या चेहऱ्याची परीक्षा कोणी करू नये, हेही त्याच चौकटीत यायला हवे. कातडीखाली दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर बारा आठवडे थांबणे महागात पडते. तिथे थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. आणि लिंबू व सोडा यांची तर पाव चेहऱ्यावरही परीक्षा घेऊ नये. त्यांचा निकाल आधीच लागलेला आहे.